रिकामी खुंटी

काकूंच्या दुकानात ‘अर्जंट’ हा शब्द तोंडातून काढणाऱ्याला शिक्षा होती. गिऱ्हाईक गाडीतून उतरलंय की सायकलवरून, हे त्या बघत नसत. अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता, मान वरही न करता म्हणायच्या, “भैया, पहले बूढ़ा तालाब का एक चक्कर लगाके आओ. फिर बैठके बात करेंगे.” काही लोक तोंड वाकडं करून निघून जात, ते कायमचेच. काही मात्र खरोखर तळ्याला चक्कर मारून परत येत. एक ठेकेदार तर येताना भाजलेल्या शेंगा घेऊन आला, ओट्यावर बसून त्याने त्या आम्हा सगळ्यांना वाटल्या आणि बोर्ड पुढच्या हप्त्यात मिळाला तरी चालेल असं आपणहून सांगून गेला.

दुकान रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात होतं, बोर्ड रंगवायचं. पेंटर म्हणजे काका, काकूंचे यजमान. त्यांच्या अक्षराची कीर्ती अशी की लोक दुसऱ्या पेंटरकडे जाऊन सांगत, ब्राह्मणपाऱ्यातल्यासारखं काढा. काकूंनी जन्मात कधी ब्रश हातात धरला नव्हता. काकांचा एक जुना स्वेटर, ज्यावर इतके रंग सांडले होते की मूळ रंग कोणता हे काकांनाही आठवत नसे, तो साडीवर चढवून त्या दाराशी स्टुलावर बसत. पण दुकान त्यांचं होतं. काकांचं काम अक्षर काढायचं, आणि काकूंचं काम, काकांनी किती अक्षरं काढायची ते ठरवायचं.

मी नुकती बी.कॉम. झाले होते. वडील रेल्वेत, आम्ही विदर्भातून आलेले, आणि घरात बसून राहिलेली पोट्टी आईच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. कोणीतरी सांगितलं, ब्राह्मणपाऱ्यात पेंटरकडे फोनवर बोलायला माणूस हवाय. मी गेले. काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. चहा दिला. तो संपला तसा दुसरा दिला. मोठ्यांनी दिलेलं नाकारायचं नाही हे घरचं वळण, म्हणून तोही प्यायले. तिसराही पुढे आला. मी कप मागे सारला.

“नाही काकू. आता नाही.”

“पक्कं नाही?”

“पक्कं.”

“उद्यापासून येजो,” काकू म्हणाल्या. “तुले फोनवर ‘नाही’ म्हणायले ठेवून राहिली मी. ‘हो’ म्हणायले हे आहेत न घरात.”

‘हे’ आतल्या बाजूला पत्र्यापुढे मांडी घालून बसले होते आणि ब्रश दातांत धरून हसत होते.

त्यात खोटं काही नव्हतं. काकांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. “काका, तेवढं करून द्या ना,” असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहराच बदलायचा, जणू समोरच्याने मागायच्या आधी आपल्यालाच सुचायला हवं होतं. एका निवडणुकीत या स्वभावाने त्यांचा घात केला होता. भिंती रंगवायची कामं आली, एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे पक्ष यांच्याकडेच आले, आणि यांनी सगळ्यांनाच हो म्हटलं. शिडीवर उभं राहून दिवसच्या दिवस लिहीत राहिले. शेवटी उजव्या हाताची बोटं ब्रशभोवती मिटली ती उघडेचनात. काकूंनी एकेक बोट तेल लावून सोडवलं. पुढे कित्येक महिने त्यांना चहाचा कप धरता येत नव्हता, सदऱ्याची बटणं काकू लावून देत. हात परत आला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर येणार नाही. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात काकूंनी काकांच्या देखत सांगितलं, आणि काका बटणांचा विषय निघाल्यावर लाजले.

हात परत आला त्या दिवशी काकूंनी सुताराला बोलावलं आणि आतल्या लांब भिंतीवर एका ओळीत लाकडी खुंट्या ठोकून घेतल्या. तेव्हापासून काम घ्यायची पद्धत एकच. गिऱ्हाइकाने आपला पत्रा आणायचा आणि स्वतःच्या हाताने रिकाम्या खुंटीवर टांगायचा. टांगला की काम घेतलं. खुंटी रिकामी नसेल तर काम नाही, मग तुम्ही कोणीही असा. मी सुटाबुटातल्या माणसांना पत्रा डोक्यावर घेऊन ती भिंत न्याहाळताना पाहिलं आहे. बोर्ड लिहून, वाळून, बाहेर गेला की खुंटी मोकळी, की दुसरा आत.

दाराजवळची शेवटची खुंटी मात्र कायम रिकामी. तिच्यावर कोणाला काही टांगू देत नसत. मी विचारलं तेव्हा काकूंना माझ्याच अकलेची कीव आली.

“ती चुकीची आहे व.”

“म्हणजे?”

“म्हणजे बोर्ड चुकला तर त्याले तिथं टांगायचं. वाळंल, मग खरडायचा, मग पुन्हा अस्तराचा हात, पुन्हा लिहायचा. चुकीले जागाच नाही ठेवली तर ती दुसऱ्याच्या जागेवर बसते. मग तो दुसरा ओरडते, मग हे घाई करतात, मग आणखी एक चुकते.”

माझ्या बी.कॉम.ला हे पटत नव्हतं. मी एकदा हिशेबी आवाजात सुचवलं की खाली आणखी एक ओळ ठोकली तर दुप्पट कामं मावतील. काकू म्हणाल्या, “भिंतीत मावतील. हातात?” आणि सुपारीचं खांड माझ्या तळहातावर ठेवलं. विषय संपला हे सांगायची त्यांची ती रीत होती.

दुपारी जेवायच्या वेळेला शटर अर्धं खाली. ब्रश टर्पेंटाइनमध्ये, माणसं ताटावर. त्या वेळी जे गिऱ्हाईक आत सापडेल त्यालाही पान. वरण, भात, एखादी भाजी, आणि अस्तर मारणारा आमचा भैया घरून आणायचा तो भाजीचा डबा. हा भैया छत्तीसगढ़ी, अंगाने मजबूत, आणि बोलण्यात एका शब्दाचा धनी. काकूंनी काहीही सांगितलं की “हव”, म्हणजे हो, म्हणायचा. काकांनी सांगितलं तरी “हव.” दोघांनी एकमेकांच्या उलट सांगितलं तर दोनदा “हव” म्हणून काकूंचं ऐकायचा. जेवणानंतर काकांनी आडवं व्हायचं, झोप लागो न लागो. बाहेर जग बुडालं तरी ते शटर वर जात नसे.

आणि एका हिवाळ्यात जग खरोखरच बुडायला आलं. नवं राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं. फटाके वाजले, मिठाई वाटली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराच्या एकदमच लक्षात आलं की आपल्या डोक्यावरचा प्रत्येक बोर्ड मध्यप्रदेशाचा आहे. कचेऱ्या, शाळा, समित्या, गोदामं, सरकारी गाड्यांवरच्या पाट्या, सगळ्यांना ‘छत्तीसगढ़’ हवं होतं आणि आजच हवं होतं. त्यात राजधानी म्हणून नवी नवी ऑफिसं कुठल्या कुठल्या बंगल्यांत उघडत होती. फोन खाली ठेवला की वाजायचा. मी मराठीत नाही म्हणत होते, हिंदीत नाही म्हणत होते, एकाला तर भैयाकडून छत्तीसगढ़ीत “नइ होवय” म्हणायला शिकून घेऊन सांगितलं. शहरातल्या बाकी पेंटरांनी दिव्याच्या उजेडात काम सुरू केलं होतं. आमच्याकडे शटर रोजच्या वेळेला खाली.

हिवाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो. काकू दर सकाळी बोर्डाच्या कडेला करंगळी टेकवून बघत आणि म्हणत, “घाई तुमची आहे बापा, रंगाची नाही.” कोणाला उद्देशून ते कळत नसे. बहुधा काकांना.

कारण काका धुमसत होते. मला ते दिसत होतं. हात राखून ठेवलेला आणि शहरभर नव्या नावाचे बोर्ड लागून राहिलेले, तेही भलत्यांच्या हातचे. मोठ्या रस्त्यावर एका नव्या ऑफिसचं उद्घाटन होणार होतं. तिथला बाबू स्कूटरवरून आला, अर्जंट म्हणाला, काकूंनी त्याला तळ्याला धाडलं, तो परत आला तर खुंटी पुढच्या हप्त्यात रिकामी होईल म्हणून सांगितलं. बाबू गेला. काका जेवताना पहिल्यांदाच थोडं जोरात बोलले.

“अगं, मोठ्या रस्त्यावरचा बोर्ड आहे तो. सगळ्यात वर छत्तीसगढ़ शासन. येणारा-जाणारा वाचंल. इतकी वर्षं भाजीवाल्यांचे अन् शिकवणीवाल्यांचे लिहिले.”

“पुढच्या हप्त्यात लिहा न.”

“उद्घाटन पुढच्या हप्त्यात थोडीच थांबते?”

काकूंनी त्यांच्या ताटात भात वाढला. एवढंच.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काकू पुरानी बस्तीत बहिणीकडे गेल्या, वर्षातून त्या दुकान सोडून जात त्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळांपैकी एक. त्यांची रिक्षा वळते न वळते तोच तो बाबू हजर. पाळत ठेवून होता की काय देव जाणे. हातगाडीवर अस्तर मारलेला, निळा रंग चढवलेला तयार पत्रा. उद्या सकाळी उद्घाटन. “काका, आप ही के हाथ का चाहिए. साहब बोले हैं.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. सगळ्या खुंट्या भरलेल्या. रिकामी एकच, तिला हात लावायची त्यांचीही छाती नव्हती. मग त्यांनी हातोडी घेतली आणि ओळीच्या टोकाला एक खिळा ठोकला.

“काका,” मी म्हटलं, “काकू येऊ द्या.”

“ती येईपर्यंत होते. तू फोन पाहा.”

फोनवर नाही म्हणायची माझी नोकरी होती. काकांना नाही म्हणायची नव्हती. भैयाला मी खुणावलं, तर तो “हव” म्हणाला आणि दोरा खडूत बुडवून रेघा मारायला लागला.

सकाळभर दुसरा बोर्ड लिहिला होता, तरी काका आडवे झाले नाहीत, जेवलेही उभ्या उभ्याच. पण लिहायला बसले ते असे, की मी फोन उचलून बाजूला ठेवला. पांढरा रंग, निळी जमीन, एकेक अक्षर सावकाश उतरत गेलं. गोलाई घेताना ते श्वास रोखत, उभा दंड खाली आला की सोडत. संपलं तेव्हा तिघंही मागे सरकून बघत राहिलो. भैया चक्क “सुग्घर हे” म्हणाला, म्हणजे सुंदर आहे, आणि त्याच्या तोंडून दुसरा शब्द ऐकून मला भरून आलं. काकांचे डोळे लहान पोरासारखे चमकत होते. हात मात्र त्यांनी पाठीमागे नेला होता.

तेवढ्यात काकू आल्या. हातात वाणाची ओंजळभर बोरं, कपाळावर ताजं कुंकू. त्यांनी खिळा पाहिला, बोर्ड पाहिला, आणि बोर्डावर नजर न थांबवता काकांच्या मागे गेल्या. तो हात पुढे ओढला. बोटं आत वळायला लागली होती. काकू एकेक बोट चोळत राहिल्या, आणि चोळता चोळताच त्यांनी मान वर करून बोर्ड वाचला.

“हे काय लिहिलं?”

आम्ही तिघांनी पुन्हा पाहिलं. सगळ्यात वर, नवीन राजधानीच्या नवीन ऑफिसच्या नवीन पत्र्यावर, देखण्या अक्षरात ‘मध्यप्रदेश शासन’ लिहिलं होतं.

आमच्यापैकी कोणालाच ते खटकलं नव्हतं. काकांचा हात आयुष्यभर तेच लिहीत आला होता, आमचे डोळे तेच वाचत आले होते. थकलेला हात आपल्या ओळखीच्या वाटेने घरी गेला, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो.

“पुसतो,” काका म्हणाले. “टर्पेंटाइन दे रे. अस्तर मारू, रात्र काढतो, सकाळपर्यंत...”

“नाही.”

“ऐक तर. एकच रात्र.”

“नाही म्हटलं न.”

काकूंनी ओला बोर्ड कडांना धरून उचलला आणि दाराजवळच्या रिकाम्या खुंटीवर टांगला. हातोडीच्या मागच्या बाजूने नवा खिळा उपटला. मग माझ्याकडे वळल्या. “लाव व फोन त्या बाबूले. सांग.”

मी लावला. माझा आवाज थरथरत होता, पण सांगितलं. बाबू कडाडला की एवढ्या मोठ्या खात्याचे सगळे बोर्ड तुमच्याकडे येणार होते, ते विसरा आता. मी काकूंकडे बघितलं. त्यांना पलीकडचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी मान हलवली.

“जी,” मी म्हटलं, “भूल जाएंगे.”

उद्घाटनाला आमचा भैया गेला होता, मुद्दाम. परत आला तो ओट्यावर बसून हसायलाच लागला, बोलवेना. कोणा पेंटरने रातोरात बोर्ड करून दिला होता. वर पडदा लावला होता. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा हलेना. पुन्हा ओढली. मग दोन शिपायांनी मिळून हिसडा दिला, तेव्हा पडदा आला आणि सोबत न वाळलेली अर्धी अक्षरंही घेऊन आला. आम्ही हसून लोळलो. काका हसले नाहीत. ते काम आमच्याकडे परत येईल अशी मला आशा होती, पण नाही आलं. त्यांनी दुसऱ्याच कोणाकडून तो नीट करून घेतला, आणि त्या खात्याचा एकही पत्रा आमच्या भिंतीवर कधी लागला नाही.

काकांनी काकूंशी बोलणं टाकलं. बोलणं माझ्यामार्फत. “तिले सांग, पिवळा संपला.” “त्यांले सांग, जेवायले या.” दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर. मला ते असह्य व्हायला लागलं आणि एके दिवशी काका बाहेर गेलेले बघून मी काकूंना म्हटलं, की एक दिवस चाललं असतं ना.

काकूंनी अडकित्ता खाली ठेवला. “मले वाटलं नसंल का व? माझ्या नवऱ्याचं अक्षर मोठ्या रस्त्यावर लागलं असतं, मी रोज तिथून भाजी आणली असती. लांब पडलं असतं तरी.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “बोर्ड दुसरा भेटंल. हात कुठून आणू?”

त्या मला त्या क्षणी फार आवडल्या. आधी मी त्यांना थोडी भीत होते आणि थोडी हसत होते. त्यानंतर फोनवर नाही म्हणताना माझा आवाज कधी थरथरला नाही.

अबोला संपला तो असा. काका एका दुपारी मोठ्या रस्त्याकडे फिरून आले, चपला काढल्या आणि थेट काकूंना म्हणाले, “त्या बोर्डाचा ‘श’ पाहिला का? पार झोपला आहे.”

“पाहिला,” काकू म्हणाल्या. “तुमच्या ‘श’ची सर नाही.”

म्हणजे त्याही जाऊन बघून आल्या होत्या. कधी गेल्या, आम्हाला पत्ता नाही.

पुढे फ्लेक्स आलं. मशीनमधून तासाभरात बोर्ड बाहेर, वाळायची भानगड नाही. मीही तोवर परीक्षा देऊन करसल्लागार झाले आणि समता कॉलोनीत ऑफिस टाकलं. मार्चमध्ये माझ्याकडे फायलींचा जो पूर येतो, त्यासाठी मी भिंतीला कप्पे करून घेतले आहेत, मोजकेच, आणि शेवटचा रिकामा. कप्पा नसेल तर फाइल घेत नाही. माझ्याकडची मुलं आपसात हसतात आणि “मैडम का नियम” म्हणतात. कोणी अर्जंट म्हटलं की मी त्याला कोपऱ्यावर चहा पिऊन यायला सांगते. समता कॉलोनीत तलाव नाही.

मध्यंतरी ऑफिस मोठ्या जागेत हलवलं तेव्हा ठरवलं, बोर्ड काकांच्या हातचाच. पत्रा घेऊन ब्राह्मणपाऱ्यात गेले. काकू दाराशी स्टुलावर, तोच स्वेटर. भिंतीकडे बघितलं तर ओळ गायब. काकांचा हात जसा वयाने थकत गेला तशा काकूंनी एकेक करून खुंट्या उपटल्या होत्या. दोनच उरल्या होत्या. एकीवर कोणा शाळेचा छोटा बोर्ड, दुसरी रिकामी.

“पुढच्या हप्त्यात येजो,” काकू म्हणाल्या. “खुंटी खाली नाही.”

अख्खी भिंत मोकळी होती. तरी मी पत्रा परत घेऊन गेले, पुढच्या हप्त्यात आणला आणि स्वतःच्या हाताने टांगला.

बोर्ड लिहून झाल्याचा निरोप आला म्हणून गेले. काका बोर्डापुढे बसले होते, पार वाळले होते, पण बोटं सरळ होती. अक्षर तेच. त्या अक्षरातलं माझं नाव मी दोनदा वाचलं. मग खाली पत्ता वाचला. समता कॉलोनी, रायपुर, आणि कंसात ‘म.प्र.’

काका माझ्या चेहऱ्याकडे आनंदाने बघत होते. मी म्हटलं, “काका, फार छान झालाय. मी असाच नेते.”

“असाच काहून?” काकू उठल्या. त्यांनी कंसावर करंगळी टेकवून दाखवली. काकांनी वाकून वाचलं, कपाळावर हात मारला, आणि मग दोघं हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसता हसताच काकूंनी बोर्ड कडांना धरून उचलला आणि रिकाम्या खुंटीवर टांगला.

“वाळू दे. मग खरडू, मग पुन्हा लिहितील हे. तू पुढच्या हप्त्यात ये.”

“हव,” मी म्हटलं.